शस्त्रखटल्यांतील बचाव आणि त्याचे कागद : औरंगाबाद-नाशिक प्रकरणाच्या अनुषंगानें

औरंगाबादेहून ईशान्येस निघालेला रस्ता फुलंब्रीवरून सिल्लोडास येतो आणि पुढें अजिंठा गांवावरून घाट उतरून खानदेशांत जातो. सिल्लोडच्या पूर्वेस भोकरदन तालुक्यांत असई गांव आहे, तेथें ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे व भोसले यांच्या फौजांशीं इंग्रजांची लढाई झाली. लढाया, छावण्या व लष्करी वाटा पाहिलेल्या या टापूंत जुनें हत्यार हें घरांतील दप्तराप्रमाणेंच वारशाची वस्तु होय. अशा हत्यारांची घडण, त्यांवरील अक्षरें व मुद्रा यांकडे संग्राहकांचें लक्ष सहज जातें. परंतु हत्यार बाळगण्यावर कायद्याचें बंधन आल्यावर ज्यांच्यावर खटले झाले, त्यांचा बचाव कोणत्या मुद्द्यांवर उभा राहिला व त्या बचावाचे कागद कोठें राहिले, हा प्रश्न बहुधा बाजूस राहतो. प्रस्तुत लेखाचा तोच विषय आहे.

लेखाचा मुख्य मुद्दा आरंभींच सांगणें बरें. शस्त्रखटल्यांत फिर्यादीचा कागद सरकारी दप्तरांत टिकतो. बचावाचा कागद वकिलाच्या घरीं राहतो आणि वकिलाच्या मागें तो रद्दींत जाण्याचा संभव फार. सबब अशा खटल्यांचा जो इतिहास आपण वाचतों, तो पुष्कळ अंशीं एकाच पक्षाच्या कागदांवर रचलेला असतो. ही उणीव भरून काढणें हें पोथ्या व दप्तरें जमविणाऱ्यांच्याच हातीं आहे.

(१) कायदा आणि सरहद्द

१८५७ च्या धामधुमीनंतर इंग्रज सरकारनें प्रजेस निःशस्त्र करण्याचें धोरण धरलें. १८६० च्या ३१ व्या कायद्यानें त्याचा पाया घातला गेला. आणि लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत १८७८ चा ११ वा कायदा, म्हणजे हत्यारांचा कायदा, अमलांत आला. या कायद्यांतील 'हत्यार' शब्दाची व्याप्ति मोठी होती. तींत बंदुका, संगिनी, तरवारी, खंजीर, भाले, भाल्यांचीं पातीं, धनुष्यबाण, तोफा, इतकेंच नव्हे तर हत्यारांचे सुटे भाग व तीं घडविण्याचीं यंत्रें यांचाही समावेश होता. १४ व्या कलमान्वयें परवान्यावांचून तोफ, बंदूक किंवा दारूगोळा बाळगण्यास मनाई झाली. १९ व्या कलमांत त्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली. आणि गुन्हा लपवून करण्याचा हेतु दिसल्यास २० व्या कलमानें ती सात वर्षांपर्यंत वाढे. युरोपियनांस मात्र परवान्याची अट नव्हती. या भेदाविषयींचा असंतोष इतका होता कीं, १८८७ सालीं मद्रास येथें भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या तिसऱ्या बैठकींत या कायद्यांत दुरुस्ती करण्याची मागणी करणारा ठराव झाला.

याच कायद्यांत आरोपीच्या उपयोगी पडणारी एक तरतूद होती, तिचीही नोंद केली पाहिजे. १८६० च्या कायद्यानें ज्या भागांत पूर्वीं निःशस्त्रीकरण झालें नव्हतें, तेथें केवळ हत्यार बाळगल्याबद्दलचा खटला जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या, किंवा मुंबईसारख्या शहरांत पोलिस कमिशनरच्या, पूर्वसंमतीवांचून चालवितां येत नसे. संमतीचा कागद आहे काय, तो खटल्यापूर्वींचा आहे काय, हा प्रश्न तेव्हांपासून वकिलांच्या हातीं आला.

हा कायदा इंग्रजी मुलखापुरता होता. सिल्लोड, अजिंठा व औरंगाबाद हीं ठिकाणें निजामाच्या राज्यांत, तर घाटाखालचा खानदेश व पश्चिमेकडील नाशिक जिल्हा इंग्रजी अमलांत होता. एकच बंदूक घाटमाथ्यावर एका राज्याच्या हुकुमांत असे व घाटाखालीं दुसऱ्या राज्याच्या कायद्यांत येई. कागदपत्रांचीही तीच गोष्ट. घाटाखालच्या जिल्हा कचेऱ्यांत मराठी व इंग्रजी कागद. तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामाच्या न्यायालयांची भाषा फारसी जाऊन उर्दू झालेली, आणि तेथील मराठी माणसाचा खाजगी व्यवहार मोडींत. एकाच घराण्याच्या दप्तरांत हे चारही प्रकार एकत्र सांपडल्यास आश्चर्य मानूं नये.

अशा खटल्यांतील बचावाचे मुद्दे कितीही असले तरी ते शेवटीं चार प्रश्नांवर येतात. पहिला, सांपडलेली वस्तु कायद्याच्या अर्थीं हत्यार आहे काय? दुसरा, ती कोणाच्या ताब्यांत होती व त्यास तिची जाणीव होती काय? तिसरा, हें सांगणारा साक्षीदार कोण व त्यावर विश्वास कितपत ठेवावा? आणि चौथा, या आरोपीचा न्याय करण्याचा अधिकार या न्यायासनास आहे काय? जुना कागद तपासतांना आपण तरी याहून निराळें काय विचारतों? कागद अस्सल आहे काय, तो कोणाच्या दप्तरांतून आला, लिहिणारास माहिती कशी मिळाली आणि त्याचा अधिकार काय, हेच ते प्रश्न होत.

(२) वासुदेव बळवंत फडके यांचा खटला, १८७९

१८७८ चा कायदा होऊन वर्ष लोटलें नाहीं तोंच पुणें प्रांतीं वासुदेव बळवंत फडके यांचें बंड झालें. फडके पुण्यास लष्करी हिशेबखात्यांत कारकून होते. १८७९ च्या फेब्रुवारींत धामारी गांवावर पहिला दरोडा पडला. पुढें फडके निजामाच्या मुलखांत उतरले. रोहिल्यांची फौज उभारण्याची त्यांची खटपट होती. १८७९ च्या जुलैंत विजापुराकडील देवर नावडगी येथें मेजर डॅनियल यानें त्यांस पकडलें. या पाठलागांत हैदराबाद संस्थानच्या पोलिसांतील अब्दुल हक हा अधिकारीही होता. म्हणजे सरहद्द फरारी माणसास जितकी आडोसा देई, तितकीच ती दोन सरकारांस एकत्रही आणी.

पुण्यास खटला उभा राहिला तेव्हां सार्वजनिक काका म्हणून प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी व महादेव चिमणाजी आपटे यांनीं आरोपीच्या बाजूचें काम पाहिलें. सरकारविरुद्ध लढाई करण्याचा आरोप ज्याच्यावर आहे, त्याचें वकीलपत्र घेणें हें त्या वेळीं लहान धैर्याचें काम नव्हतें. याच आपट्यांनीं पुढें १८८८ सालीं पुण्यास आनंदाश्रम संस्था स्थापून संस्कृत पोथ्यांचा संग्रह व प्रकाशन यांस आपलें द्रव्य वाहिलें. पोथ्या राखणारा व आरोपीचा पक्ष राखणारा पुरुष एकच असावा, ही गोष्ट आमच्या वाचकांस विशेष वाटेल.

या खटल्यांत बचावाची मुख्य अडचण साक्षीदारांची नसून कागदांची होती. फडक्यांनीं स्वतः लिहिलेली रोजनिशी व आत्मवृत्त पोलिसांच्या हातीं लागलें, आणि तेंच त्यांच्याविरुद्ध सर्वांत बळकट प्रमाण ठरलें. कागद अस्सल, अक्षर आरोपीचें, मजकूर आरोपीच्या मनांतला; अशा स्थितींत वकिलास फारसें अवसान राहत नाहीं. फडक्यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा होऊन एडन येथें पाठविण्यांत आलें, तेथेंच ता. १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं त्यांचा अंत झाला. इतिहासास मात्र या खटल्यानें एक अमोल साधन मिळवून दिलें. आरोपीचें स्वतःचें लिखाण, तें शत्रूच्या हातीं जाऊन का होईना, टिकलें. आणि म्हणूनच फडक्यांचें अंतरंग आपणांस त्यांच्याच शब्दांत कळतें. पुढच्या पिढीच्या खटल्यांत ही सोय नाहीं.

(३) नाशिकचें पिस्तुल-प्रकरण

तीस वर्षांनंतरचें नाशिक प्रकरण औरंगाबादेशीं जोडलेलें आहे. अभिनव भारत संस्थेचे गणेश दामोदर सावरकर यांस ता. २ मार्च १९०९ रोजीं नाशिकास अटक झाली. झडतींत बाँब तयार करण्याच्या कृतीची टंकलिखित प्रत मिळाली. कलकत्त्याच्या माणिकतोळा बागेंतील झडतींत सांपडलेल्या प्रतीशीं ती जुळती असल्याचें सरकारपक्षानें पुढें आणलें. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनीं खटला सेशन्स कोर्टाकडे पाठविला, आणि मुख्यतः प्रसिद्ध केलेल्या कवितांच्या आधारें ता. ९ जून १९०९ रोजीं सावरकरांस जन्मठेपेची शिक्षा झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मुंबई हायकोर्टांत न्या. चंदावरकर व न्या. हीटन यांच्यापुढें अपील होऊन तें फेटाळलें गेलें.

ता. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत, 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाच्या वेळीं, जॅक्सन यांच्यावर पिस्तुल झाडलें जाऊन ते ठार झाले. मारणारा अनंत लक्ष्मण कान्हेरे हा अठरा वर्षांच्या सुमाराचा तरुण चित्रकलेच्या शिक्षणासाठीं औरंगाबादेस राहत असे. म्हणजे इंग्रजी हद्दीबाहेरच्या शहरांत राहणारा विद्यार्थी मनमाडच्या वाटेनें इंग्रजी हद्दींत आला व तेथें त्याच्या हातून हें कृत्य घडलें. कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे हेही त्या रात्रीं नाट्यगृहांत हजर होते.

जॅक्सन हे कलेक्टर होते तसेच संशोधकही होते. भगवानलाल इंद्रजी यांचा गुजराथच्या प्राचीन इतिहासाचा भाग मुंबई गॅझेटियरसाठीं १८९६ सालीं त्यांनींच पुरा करून दिला. त्यांनीं जमविलेल्या लोककथांच्या टिपणांवरून एंथोवेन यांनीं गुजराथ व कोंकण येथील लोकसमजुतींचे दोन भाग १९१४-१५ च्या सुमारास प्रसिद्ध केले. गणेश सावरकरांच्या शिक्षेचा सूड म्हणून हा वध झाला ही गोष्ट कान्हेऱ्यांनीं लपविली नाहीं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीनें दुसरी झांकूं नये.

वधांत वापरलेलें पिस्तुल ब्राउनिंग जातीचें होतें. सरकारपक्षाची हकीकत अशी कीं, विनायक दामोदर सावरकर यांनीं लंडनमध्यें असतां पॅरिसहून वीस ब्राउनिंग पिस्तुलें व काडतुसें मिळविलीं, आणि लंडनच्या इंडिया हाउसमधील चतुर्भुज अमीन या स्वयंपाक्याच्या पेटीच्या चोरतळांत घालून तीं १९०९ च्या आरंभीं मुंबईस पाठविलीं. चतुर्भुज हा पुढें माफीचा साक्षीदार झाला. कान्हेऱ्यांच्या हातांत सांपडलेलें पिस्तुल ही डोळ्यांनीं दिसणारी वस्तु होती. परंतु पॅरिसपासून नाशिकपर्यंतची सारी सांखळी मुख्यतः अशा जबान्यांवर ओंवलेली होती.

(४) बचावाचे मुद्दे

वधाचा खटला मुंबईस चालला. १९०८ च्या १४ व्या कायद्यान्वयें अशा प्रकरणीं हायकोर्टाच्या तीन न्यायाधीशांचें खास न्यायासन बसे. ज्यूरी नसे व निकालावर अपीलही नसे. सात आरोपींपैकीं कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांस फांशीची शिक्षा होऊन ती ता. १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत अमलांत आली. तिघांस जन्मठेप व एकास दोन वर्षांची कैद झाली. प्रत्यक्ष पिस्तुलासह पकडलेल्या कान्हेऱ्यांच्या बाबतींत ताब्याचा वाद नव्हता. इतरांच्या बाबतींत मात्र, कोणास काय ठाऊक होतें व केव्हां, हाच सगळा प्रश्न होता. फांशी, जन्मठेप व दोन वर्षें अशा शिक्षांतील अंतरावरून दिसतें कीं, एकाच आरोपाखालीं आणलेल्या सर्वांस न्यायासनानेंही एका मापानें मोजलें नाहीं.

त्यानंतर १९१० च्या सप्टेंबरांत नाशिक कटाचा मोठा खटला सुरू झाला. सर बेसिल स्कॉट, न्या. चंदावरकर व न्या. हीटन हे न्यायाधीश होते. यांपैकीं चंदावरकर हे १९०० सालच्या लाहोर येथील राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष होते. गणेश सावरकरांचें अपील फेटाळणारे दोन्ही न्यायाधीश या न्यायासनावर बसले होते, हेंही लक्षांत ठेवावें. आरोपी अडतीस. बचावाच्या वकिलांत जोसेफ बॅप्टिस्टा होते. येथें साध्या हत्यारांच्या कायद्याऐवजीं दंडविधानाचीं १२१ पासूनचीं कलमें लावलीं होतीं. त्यांपैकीं १२२ व्या कलमांत राज्याविरुद्ध लढाई करण्याच्या हेतूनें शस्त्रें जमविणें हा स्वतंत्र गुन्हा असून त्यास जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. त्यामुळें परवाना होता कीं नव्हता ही गोष्ट गौण झाली. हेतु काय व ज्ञान कितपत, हें मुख्य झालें.

पहिला वाद अधिकाराचा. विनायक सावरकर यांस ता. १३ मार्च १९१० रोजीं लंडनमध्यें अटक झाली. १८८१ च्या फरारी गुन्हेगारांच्या कायद्यानें त्यांस हिंदुस्थानांत आणीत असतां ता. ८ जुलै १९१० रोजीं मार्सेल्स बंदरांत त्यांनीं बोटीवरून उडी घेऊन फ्रेंच भूमि गांठली. तेथील शिपायानें त्यांस पुन्हा इंग्रज पोलिसांच्या हवालीं केलें. परभूमीवरून अशा रीतीनें परत नेलेल्या आरोपीचा न्याय करण्याचा अधिकार न्यायासनास नाहीं, असा आक्षेप आला. आरोपी प्रत्यक्ष समोर आल्यावर त्यास कसें आणलें हें पाहण्याचें कारण नाहीं, असें ठरवून न्यायासनानें खटला पुढें चालविला. सावरकरांनीं आपल्यापुरता खटल्यांत भाग न घेण्याचा पवित्रा धरला. फ्रान्स व इंग्लंड यांनीं हा वाद हेग येथील लवादाकडे नेण्याचें ठरविलें होतें. तरी त्या निकालाची वाट न पाहतां ता. २४ डिसेंबर १९१० रोजीं पहिली व ता. ३० जानेवारी १९११ रोजीं, जॅक्सन-वधास साह्य केल्याबद्दल, दुसरी जन्मठेप सांगण्यांत आली. हेगचा निकाल त्यानंतर, ता. २४ फेब्रुवारी १९११ रोजीं, लागला. आरोपीस परत देतांना अनियमितपणा झाला, परंतु त्यास फ्रान्सच्या हवालीं करण्यास इंग्लंड बांधलेलें नाहीं, असा तो निकाल होता.

दुसरा वाद माफीच्या साक्षीदाराचा. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचें १३३ वें कलम म्हणे कीं, सहगुन्हेगाराच्या केवळ जबानीवर दिलेली शिक्षा तेवढ्यानें बेकायदेशीर होत नाहीं. परंतु ११४ व्या कलमाच्या उदाहरणांत असेंही होतें कीं, महत्त्वाच्या बाबींत दुसऱ्या पुराव्याची जोड मिळाल्यावांचून असा साक्षीदार विश्वासास पात्र नाहीं असें न्यायालयानें मानण्यास हरकत नाहीं. या दोन कलमांच्या मधल्या अरुंद वाटेनें अशा खटल्यांतील बचाव चाले. पेटीला चोरतळ होता व तींत पिस्तुलें होतीं हें एकवेळ मानलें, तरी ही पिस्तुलें अमक्या आरोपीस ठाऊक होतीं याला स्वतंत्र आधार कोणता, हें प्रत्येकाच्या बाबतींत वेगळें विचारावें लागतें.

तिसरा वाद कबुलीजबाबांचा. पोलिसांपुढील कबुली २५ व्या कलमानें वर्ज्य असली तरी मॅजिस्ट्रेटपुढील कबुली ग्राह्य असे, आणि ३० व्या कलमानें एका आरोपीची कबुली एकत्र चाललेल्या दुसऱ्या आरोपीविरुद्धही विचारांत घेतां येई. पोलिसांच्या कोठडींतून निघून मॅजिस्ट्रेटपुढें गेलेला अठरा-वीस वर्षांचा मुलगा तेथें मोकळ्या मनानें बोलला काय, या प्रश्नाचें उत्तर जबानीच्या कागदावर कधींच लिहिलेलें नसतें. तें शोधण्यासाठीं कागदाच्या बाहेर जावें लागतें.

अडतीसांपैकीं सत्तावीस दोषी ठरून शिक्षा पावले. उरलेल्यांस शिक्षा झाली नाहीं. ज्यूरी नाहीं, अपील नाहीं, आणि वातावरण जॅक्सन-वधानें तापलेलें. अशा न्यायासनापुढूनही कांहीं आरोपी सुटले, हें ध्यानांत घेतलें म्हणजे आरोपीगणिक पुरावा तपासून घेण्याचें मोल कळून येतें.

(५) एका मूळ प्रतीच्या चार नकला

आतां संशोधकाच्या दृष्टीनें मुख्य गोष्टीकडे वळूं. या प्रकरणाची माहिती आपणांस कोणत्या वाटेनें मिळते? प्रथम साक्षीदाराची जबानी, तीवरून न्यायासनाचा निकाल, निकालांवरून न्या. रौलट यांच्या समितीचा १९१८ चा अहवाल. आणि त्या अहवालावरून पुढचे इतिहासग्रंथ. पोथ्यांचा पाठ ठरवितांना एका मूळ प्रतीवरून उतरलेल्या चार नकला आपण चार साक्षी मानीत नाहीं, एकच मानतों. येथेंही तोच नियम लावला पाहिजे. एकच विधान चार ग्रंथांत आलें म्हणून तें चौपट बळकट होत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर या प्रकरणाकडे पाहण्याची दृष्टि पालटली. फिर्यादीनें ज्यास गुन्हा म्हटलें त्यास आपण देशभक्ति म्हणूं लागलों, आणि तें स्वाभाविकच होतें. परंतु मूल्य पालटलें तरी पुरावा तोच राहिला. ज्या जबानीवरून अमक्यानें पिस्तुल ठेविलें म्हणून त्यास शिक्षा झाली, त्याच जबानीवरून आज त्याचा गौरव होतो. जबानी दाबाखालीं दिलेली असेल तर शिक्षा अन्यायाची आणि गौरवही निराधार. जबानी खरी असेल तर दोन्ही साधार. यांतून एकच भाग आपल्या सोयीनें उचलतां येत नाहीं. ज्या आरोपीनें 'मला ठाऊक नव्हतें' असें सांगितलें, त्याचें म्हणणें खरें असूं शकेल, ही शक्यता शत्रूच्या न्यायालयाइतकीच मित्राच्या इतिहासानेंही मोकळी ठेविली पाहिजे. तसें न केल्यास त्या मनुष्याचा बचाव दुसऱ्यांदा नामंजूर होतो, आणि या वेळीं तो ऐकून न घेतांच.

(६) आजचा कायदा आणि संग्राहक

हे प्रश्न केवळ गतकाळचे नाहींत. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा हत्यारांचा कायदा ता. १ ऑक्टोबर १९६२ पासून देशभर लागू झाला. आणि निजामाचें राज्य १९४८ सालींच संपलेलें असल्यामुळें घाटमाथा व घाटाखाल असा भेद या बाबतींत उरला नाहीं. आज सिल्लोड तालुका छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांत असून तेथील लोकांस हायकोर्टाची दाद मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे मागतां येते.

ताब्याच्या प्रश्नाचा खुलासा सुप्रीम कोर्टानें १९७२ सालीं गुणवंतलाल विरुद्ध मध्यप्रदेश राज्य या खटल्यांत केला. ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा; आणि वस्तु प्रत्यक्ष हातीं नसली तरी तिच्यावर सत्ता चालत असेल तर तोही ताबाच, अशीं दोन अंगें त्यांत सांगितलीं आहेत. पहिलें अंग आरोपीच्या बाजूचें, दुसरें त्याच्या विरुद्ध. १९९४ सालीं मुंबईच्या संजय दत्त प्रकरणीं घटनापीठानें हेंच जाणिवेचें तत्त्व अधिक कडक अशा टाडा कायद्याससुद्धां लावलें, आणि हत्याराचा संबंध दहशती कृत्याशीं नव्हता हें सिद्ध करण्याची मुभा आरोपीस आहे असें ठरविलें. पुढें त्या आरोपीस हत्यारांच्या कायद्याखालीं शिक्षा झाली व २०१३ सालीं सुप्रीम कोर्टानें ती पांच वर्षांवर आणली. परंतु १९९४ चें तत्त्व त्यानंतरच्या आरोपींसही उपयोगी राहिलें. खटल्यापूर्वीं जिल्हा मॅजिस्ट्रेटची संमति पाहिजे, ही १८७८ ची तरतूद नव्या कायद्याच्या ३९ व्या कलमांत, परवान्यावांचून बंदूक बाळगण्याच्या गुन्ह्यापुरती, राहिली आहे.

संग्राहकांनीं विशेष लक्ष द्यावें असें कलम म्हणजे ४५ वें. जुन्या बनावटीचें, पुराणवस्तु म्हणून मोल असलेलें किंवा मोडकें हत्यार, जर तें दुरुस्त करून किंवा न करतां बंदूक म्हणून वापरतां येण्याजोगें नसेल, तर त्यास हा कायदा लागत नाहीं. येथें नुसतें 'जुनें' असून भागत नाहीं; 'वापरतां न येणें' हें मर्म आहे. वाड्याच्या भिंतीवरची तोडेदार बंदूक दुरुस्तीनें चालूं शकत असेल, तर ती पणजोबांची होती एवढ्यानें बचाव होत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीनें बाळगावयाच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि वारशानें आलेल्या बंदुकाही त्या मर्यादेंत धरल्या गेल्या. म्हणून अशा प्रत्येक हत्यारासोबत त्याचा इतिहास सांगणारा कागद, म्हणजे जुना परवाना, वाटणीपत्र किंवा दप्तरांतील याद, जपून ठेवणें हें संशोधनाच्या दृष्टीनें जसें इष्ट तसें धन्याच्या रक्षणासही उपयोगी आहे.

(७) विनंती

शस्त्रखटल्यांचा अर्धा इतिहास सरकारी दप्तरांत आहे. दुसरा अर्धा औरंगाबाद, नाशिक, पुणें, ठाणें व मुंबई येथील जुन्या वकिलांच्या घरीं, त्यांच्या पोटमाळ्यांवरील गाठोड्यांत असण्याचा संभव आहे. वकीलपत्रें, आरोपींच्या नातलगांचीं पत्रें, तुरुंगांतील भेटींचीं टिपणें, उलटतपासणीसाठीं काढलेल्या प्रश्नांच्या यादी, फीच्या व वर्गणीच्या वह्या असें हें साहित्य असतें. यांत सोनेरी मुद्रा किंवा चित्रें नसतात, व म्हणून पोथ्यांच्या बाजारांत त्यास किंमत नसते. परंतु आरोपीनें आपल्या बाजूनें काय सांगितलें, हें बहुधा याच कागदांत उरतें.

सिल्लोड, अजिंठा, भोकरदन, कन्नड या भागांतील संग्राहकांस विनंती अशी कीं, जुन्या घरांतून दप्तर उचलतांना वंशावळी, सनदा व बखरी यांबरोबर असे कागदही वेगळे काढून ठेवावेत. मोडी व उर्दू कागद एकमेकांपासून तोडूं नयेत. आणि ते ज्या क्रमानें बांधलेले सांपडले तो क्रम टिपून ठेवावा. फडक्यांच्या बाबतींत आरोपीचा शब्द टिकला तो पोलिसांच्या हातीं पडला म्हणून. यापुढें तरी आरोपीचा शब्द टिकावा तो संशोधकांनीं राखला म्हणून, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.